तातांचा देवदूत तेव्हा कुठे होता?

पूर्वभाग | ३० सप्टेंबर २०२४, रात्री ११:१२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर थोडं कन्नड. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. वडिलांनी मला हट्टानं सिस्टरांच्या शाळेत घातलं. चौथीला आम्हाला केरळच्या एक सिस्टर होत्या. मराठी तोडकंमोडकं, पण जीव फार लावायच्या. त्यांनी सांगितलं होतं की प्रत्येकाच्या मागे एक रक्षक दूत असतो. गरीब-श्रीमंत, हिंदू-ख्रिस्ती, हुशार-ढ, प्रत्येकाच्या. २ ऑक्टोबरला या दूतांचा सण असतो. त्या दिवशी गांधीजयंतीची सुट्टी, म्हणून सिस्टर तो आदल्या दिवशीच करायच्या. एका बाकावर आम्ही तिघी. १ तारखेला त्या म्हणायच्या, "सरका, सरका, त्याला पण जागा द्या." मग आम्ही तिघी एकमेकींना चिकटून बसायचो आणि बाकाच्या कडेला वीतभर जागा सोडायचो.

शाळा सुटली, सिस्टर बदलून गेल्या. घरात मी तिरुपतीचा फोटो पुजते, मार्कंडेय मंदिरात जाते, सगळं रीतसर. पण ती वीतभर जागा काही सुटली नाही. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसले तरी थोडी आत सरकून बसते. परीक्षेला, बाळंतपणाला, कशालाही जाताना मनात एकदा म्हणते, "चल." हे मी नवऱ्यालाही लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं.

फेब्रुवारीत माझे वडील, म्हणजे माझ्या मुलीचे ताता (आजोबा), गेले. रात्रपाळीत मागावर असतानाच छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्या रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर मी कडेला जागा सोडून बसले होते हे मला नंतर आठवलं. तिथे कुणी होतं असा माझा दावा नाही. पण त्या रात्री मी एकटी होते असं आजही आठवत नाही.

प्रश्न मुलीचा आहे. सात वर्षांची आहे. एकटी झोपायला घाबरते म्हणून गेल्या आठवड्यात तिला ही सिस्टरांची गोष्ट सांगितली. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तातांचा देवदूत तेव्हा कुठे होता? झोपला होता का?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं? आणि तुमचा असा कुणी आहे का?

---

शेंगाचटणी | ३० सप्टेंबर, रात्री ११:३१

ताई, पहिलंच लिहिलंत आणि रडवलंत की ओ.

आमच्याकडे याला पाठीराखा म्हणतात. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटरवर अक्कलकोट, तिथल्या स्वामींचं वाक्य निम्म्या महाराष्ट्राच्या रिक्षांवर आहे: भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे. माझा भाऊ ट्रक चालवतो. समोरच्या काचेवर हेच लिहिलंय, ते पण आतल्या बाजूनं, त्याला वाचता यावं म्हणून.

पोरीच्या प्रश्नाला उत्तर मला नाही सुचत. उद्या बोलतो.

---

तळकोकण | १ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

आमच्याकडे राखणदार. गावाची शीव सांभाळतो, रात्री हातात काठी घेऊन फिरतो. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून नव्या चामडी चपला वाहायची पद्धत आहे. लहानपणी मी देवळात जाऊन त्या चपलांचे तळवे बघायचो, खरंच झिजलेत का म्हणून. मला झिजलेलेच दिसायचे.

रात्री कुत्री भुंकली की आजी म्हणायची, "झोप, तो फेरीवर हा." लगेच झोप लागायची.

---

हिप्परगा | १ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

@तळकोकण, सोलापूरला ही सोय सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकातच करून ठेवली आहे. शहराच्या परिसरात ६८ लिंगं स्थापलेली, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. आमची आजी त्याला 'गावाचं कुंपण' म्हणायची. काठी अंगणासमोरून गेली की वर्षभराची काळजी मिटली.

आणि तुमच्या राखणदाराला आमच्याकडे पाठवू नका. एप्रिलच्या उन्हात चपला नव्हे, डांबर चिकटेल पायाला.

---

सात_रस्ता | १ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

मी देव मानत नाही. तरी लिहितो, कारण प्रश्न लहान मुलीचा आहे.

मी आठ वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ तापानं गेला. घरी आलेल्या एका काकूंनी मला जवळ घेऊन सांगितलं, "चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणून तो नेतो." त्यांनी मायेनंच सांगितलं. पण त्यानंतर दोन वर्षं मी मुद्दाम वाईट वागलो. पाटी फोडली, शिव्या शिकलो, आईला उलट बोललो. देवाला आवडायचं नव्हतं मला. घरच्यांना वाटलं पोरगं बिघडलं. खरं कारण मी आईला चाळिशीत सांगितलं.

म्हणून हात जोडून विनंती: तिला काहीही सांगा, पण तातांच्या जाण्याला कारण चिकटवू नका. 'देवदूतानं नेलं', 'त्यांची तिकडे गरज होती', यातलं काहीच नको.

आता तुमच्या अनुभवाबद्दल. सोबत जाणवणं खोटं नसतं. १९१६ च्या मे महिन्यात ध्रुवप्रदेशाचा शोधयात्री शॅकल्टन आणि त्याचे दोन सोबती, वर्स्ली आणि क्रीन, दक्षिण जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर छत्तीस तास चालून ओलांडत होते. आपण तिघं नसून चौघं आहोत असं शॅकल्टनला सारखं वाटत होतं. नंतर कळलं की बाकीच्या दोघांनाही तसंच वाटलं होतं. १९३३ मध्ये फ्रँक स्माइद एव्हरेस्टवर एकटाच वर चढत होता. खिशातली पुदिन्याची वडी काढली, मोडली आणि अर्धी द्यायला मागे वळला. मागे कुणी नव्हतं.

२००६ मध्ये स्वित्झर्लंडमधले मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटानं अपस्माराच्या एका रुग्ण मुलीच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर-मागे, सौम्य वीजप्रवाह दिला. प्रत्येक वेळी तिला आपल्या मागे कुणीतरी आहे असं जाणवलं. ती बसली की तोही बसायचा. आपल्या शरीराची जी जाणीव मेंदू सतत जुळवत असतो ती विस्कटली की आपलीच सावली दुसरी व्यक्ती म्हणून भासते, असा त्याचा अर्थ लावतात.

तुमचा आधार काढून घ्यायला हे लिहिलेलं नाही. बाकड्यावरची ती रात्र तुम्ही काढलीत, हे महत्त्वाचं.

---

रात्रपाळी | १ ऑक्टोबर, दुपारी २:१५

मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात बारा वर्षं. सात_रस्ता दादा, मेंदूचं तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. ऑक्सिजन कमी झाला, ताप चढला, औषधं जास्त झाली की पेशंटला माणसं दिसतात, हे आम्हाला शिकवलेलंच असतं.

पण दोन प्रकारचं 'दिसणं' असतं हेही आम्ही पाहतो. एका प्रकारात पेशंट घाबरतो, नळ्या ओढतो, त्याला शांत करावं लागतं. दुसऱ्यात तो खुर्चीकडे बोट करतो आणि म्हणतो, "त्यांना चहा द्या." एका आजोबांनी तीन रात्री मला त्या खुर्चीत बसू दिलं नाही. "माणूस बसलाय, दिसत नाही का बाई?" मी माझं स्टूल घेऊन पलीकडे बसून चार्ट लिहायचे. तिसऱ्या पहाटे ते गेले. इतक्या शांतपणे गेलेलं माणूस मी क्वचित पाहिलंय.

कोण होतं खुर्चीत, मला माहीत नाही. खुर्ची मी अजूनही पटकन ओढून बसत नाही.

---

पाचूबंदर | १ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

आम्ही वसईचे कॅथलिक. पूर्वभाग ताई, तुमच्या सिस्टरांनी शिकवलेलं पक्कं होतं, काही तपशील जोडतो.

रक्षक दूतांचा सण पाचवे पॉल पोप असताना १६०८ मध्ये मान्य झाला आणि १६७० मध्ये दहाव्या क्लेमेंट यांनी तो २ ऑक्टोबरला सगळ्या चर्चसाठी ठरवून दिला. मूळ आधार मत्तयाच्या शुभवर्तमानातला, अठरावा अध्याय: या लहानांपैकी एकालाही तुच्छ मानू नका, कारण त्यांचे दूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख नित्य पाहत असतात. म्हणजे गोष्ट मुळात लहान मुलांचीच आहे.

एक गैरसमज मात्र सगळीकडे असतो, आमच्यातही. माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. देवदूत वेगळे, माणूस वेगळा. त्यामुळे 'ताता आता देवदूत झाले' असं शक्यतो सांगू नका. ताता तातांच्या जागी राहू देत.

---

शेंगाचटणी | १ ऑक्टोबर, सायंकाळी ६:०२

काल रात्रभर विचार केला. भावाच्या ट्रकचंच सांगतो. मागच्या वर्षी मोहोळजवळ ट्रक पलटी झाला. काच फुटली, स्वामींचं वाक्य लिहिलेला तुकडाच तेवढा चौकटीत राहिला. भावाला खरचटलं सुद्धा नाही. घरातल्या सगळ्यांनी हात जोडले.

पण त्याच ट्रकमधला क्लीनर पोरगा, त्याचा पाय गेला. वाक्य त्याच्याही समोरच होतं की. हे मी घरी कधी बोललो नाही. आज ताईंच्या पोरीनं विचारलं म्हणून लिहिलं.

---

सात_रस्ता | १ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४०

@शेंगाचटणी, हे लिहायला धाडस लागतं. माझी अडचण नेमकी हीच आहे. वाचलेला माणूस 'मला वाचवलं' म्हणतो तेव्हा न वाचलेल्याच्या घरच्यांना ते कसं ऐकू येत असेल?

---

भीमाकाठ | १ ऑक्टोबर, रात्री ९:५५

मी मंगळवेढ्याचा. आमच्या गावात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पुरलेल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली दामाजीपंतांची. दुष्काळात दामाजींनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली. बेदरच्या बादशहानं त्यांना पकडून आणायला माणसं पाठवली. दामाजी वाटेतच असताना घोंगडी पांघरलेला, हातात काठी असलेला विठू महार दरबारात हजर झाला, धान्याचे सगळे पैसे मोजून दिले आणि पावती घेऊन गेला. पाठीराखा कसा असतो, तर असा. पंख नाहीत, तेज नाही. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं त्याच्या रूपात आला, काम केलं आणि निघून गेला. दामाजींना त्याची भेटही झाली नाही.

दुसरी चोखोबांची. त्याच मंगळवेढ्यात १३३८ मध्ये गावकुसाचं काम चालू होतं. चोखामेळा वेठीला होते. कूस कोसळलं आणि ते इतर मजुरांसोबत खाली गाडले गेले. जो विठ्ठल दामाजीसाठी पैशांची थैली घेऊन बेदरपर्यंत चालत जातो, तो एक भिंत हातानं धरू शकला नाही?

लहानपणी मी हे आजोबांना विचारलं होतं. आजोबा माळकरी, पंढरीची वारी पायी करणारे. ते म्हणाले, "पुढचं ऐक की. नामदेव अस्थी न्यायला आले. ढिगाऱ्यात इतक्यांची हाडं, चोखोबांची ओळखायची कशी? ते एकेक हाड कानाला लावत गेले. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते चोखोबांचं. आता सांग, भिंत पडली तेव्हा विठ्ठल कुठे होता?"

मी म्हणालो, "हाडांत."

आजोबा काही बोलले नाहीत, नुसती पाठ थोपटली. त्या अस्थी पंढरपुरात महाद्वारासमोर आहेत. ज्यांना आत घेतलं नव्हतं, त्यांच्यासमोरूनच आज महाद्वाराशी जावं लागतं.

भिंत पडायलाच नको होती, हे माझं म्हणणं आजही आहे. आणि वेठीला धरणारी माणसं होती, विठ्ठल नव्हता, हेही आहे. पण मुलीला 'झोपला नव्हता' एवढं मी नक्की सांगेन.

---

रात्रपाळी | १ ऑक्टोबर, रात्री १०:२०

"हाडांत." ड्युटीवर आहे, परत परत वाचतेय.

---

तळकोकण | १ ऑक्टोबर, रात्री १०:३४

भीमाकाठ, दंडवत.

---

बेगमपेठ | २ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

अस्सलाम आलैकुम, सोलापूरकरहो. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर धागा वाचला.

आमच्याकडे कुराणाच्या तेराव्या सूरेत, अकराव्या आयतीत आहे की माणसाच्या पुढे आणि मागे आळीपाळीनं येणारे फरिश्ते असतात, ते अल्लाहच्या हुकुमानं त्याची हिफाजत करतात. आळीपाळीनं, म्हणजे गिरणीच्या पाळ्यांसारखे. माझे आजोबा गिरणीत होते, त्यांना हे फार आवडायचं. पहाटेच्या भोंग्याला म्हणायचे, "चला, आपलीपण पाळी बदलली, त्यांचीपण बदलली." शिवाय दोन फरिश्ते लिहिणारे, चांगलं-वाईट नोंदवणारे, किरामन कातिबीन. नमाज संपवताना आपण उजवीकडे आणि डावीकडे सलाम फेरतो. माझी दादीअम्मा सांगायची, तो त्यांनाही पोचतो. ती इतक्या अदबीनं मान वळवायची की समोर पाहुणे बसलेत असं वाटायचं.

ताईंच्या मुलीचा प्रश्न जुन्या आलिमांनाही, म्हणजे धर्मपंडितांनाही, पडला होता. त्यांनी सांगितलंय की फरिश्ते सगळ्यापासून राखतात, पण अल्लाहनं ठरवलेली वेळ आली की ते बाजूला होतात. आजोबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दादीअम्मानं मला हेच सांगितलं आणि पुढे म्हणाली, "बाजूला झाले म्हणजे निघून नाही गेले. घरात मोठं माणूस आलं की आपण नाही का उठून बाजूला उभे राहत? तसे."

---

हिप्परगा | २ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

सगळं वाचलं, डोळे भरून आले. पण एक काळजी बोलतो. माझा मेव्हणा विनाहेल्मेट गाडी चालवतो आणि वर म्हणतो, माझ्या मागे महाराज आहेत. बायको रोज जीव मुठीत धरून बसते. या श्रद्धेचं हेही होतं.

---

पाचूबंदर | २ ऑक्टोबर, सकाळी ८:४५

@हिप्परगा, तुमच्या मेव्हण्यांसाठी बायबलातच उत्तर आहे. स्तोत्र ९१ मध्ये वचन आहे की देव आपल्या दूतांना तुझ्या रक्षणाची आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. आणि हेच वचन पुढे येशूला कोण ऐकवतो? सैतान. मंदिराच्या कळसावर नेऊन म्हणतो, मार उडी, दूत झेलतील. येशू म्हणतो, देवाची परीक्षा पाहू नकोस. हेल्मेट घालायला सांगा त्यांना, वचनासकट.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. काल गैरसमज काढायच्या नादात तेच राहून गेलं.

आमच्याकडे अंत्यविधीत शवपेटी चर्चमधून बाहेर नेताना एक प्राचीन प्रार्थना म्हणतात. तिच्यात देवदूतांना सांगितलेलं असतं की याला स्वर्गापर्यंत घेऊन जा. माझ्या आईला नेताना ती म्हटली गेली तेव्हा मी पहिल्यांदा कान देऊन ऐकली. आयुष्यभर मला वाटत होतं की रक्षक दूताचं काम अपघात टाळायचं. त्या दिवशी कळलं की त्याचं शेवटचं काम पोचवण्याचं आहे. आईला अंधाराची भीती वाटायची, रात्री मोरीत जायलाही कुणाला तरी उठवायची. ती एकटी गेली नाही, एवढ्यावर मी ते दिवस काढले.

आज २ ऑक्टोबर. सणाच्या शुभेच्छा, ताई. तुमच्या सिस्टर जिथे असतील तिथे त्यांनाही.

---

शेंगाचटणी | २ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

आणि आज सर्वपित्री अमावस्या पण आहे. गांधीजयंती, देवदूत आणि पितर एकाच दिवशी. ताई, तातांना पान वाढलं का?

---

सात_रस्ता | २ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

पाचूबंदर, तुमचं शेवटचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. माझ्या भावाला मोरीच काय, माजघरातही एकट्याला जाववायचं नाही. मी पुढे आणि तो माझा सदरा धरून मागे.

मत बदललेलं नाही. पण तुम्ही सांगितलंत त्यात कारण नाही, फक्त सोबत आहे. काकूंनी तेव्हा मला एवढंच सांगितलं असतं, तर पाटी फुटली नसती.

---

पूर्वभाग | ३ ऑक्टोबर, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार कसे मानू. प्रत्येक उत्तर दोनदा वाचलं, भीमाकाठ दादांचं नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

हो, पान वाढलं. काल अमावस्येपासूनच आमच्या तेलुगू घरांमध्ये बतुकम्मा सुरू होते. तरवडाची, झेंडूची फुलं थरावर थर रचायची आणि भोवती फेर धरायचा. यंदा घरात दुःख आहे म्हणून मी मांडणार नव्हते. आईच म्हणाली, "लेकराचा सण बुडवू नको." मुलीनं आजीजवळ बसून फुलं रचली.

फुलं रचता रचता मी तिला सांगितलं. काय सांगायचं ते धाग्यातून वेचलं होतं: तातांचा देवदूत झोपला नव्हता. तो तिथेच होता, मागाजवळ. तातांना बरं करणं त्याच्या हातात नव्हतं. पण अंधारात एकटं जावं लागू नये म्हणून तो तातांबरोबर गेला. का गेले ताता, ते मलापण माहीत नाही. हे शेवटचं वाक्य सात_रस्ता दादांमुळे आलं.

ती म्हणाली, "हात धरून?"

मी म्हटलं, "हात धरून."

मग बराच वेळ काही बोलली नाही. आई विडीची पानं कापते त्या कात्रीनं देठ कापत बसली.

रात्री झोपवायला गेले तर पार भिंतीला चिकटून झोपली होती. मला वाटलं घाबरली. म्हटलं, अगं पडशील, नीट झोप मध्ये. तर म्हणते, "नको, दोघांना जागा लागेल."

"दोघांना?"

"माझा एक. आणि तातांचा. तातांना पोचवलं, आता त्याला काम नाही ना? मग तो कुठे झोपणार?"

तातांनी स्वतःच्या मागावर विणलेली एक चादर आहे घरात, लाल-निळी, मोराची. दोन्ही बाजूंना पुरेल इतकी मोठी आहे. ती काढून आणली आणि पलंगभर अंथरली. दिवा तिनंच घालवायला सांगितला.